पोटॅशियम चॅनलच्या सिम्युलेशनमध्ये सिलेक्टिव्हिटी फिल्टर वारंवार आकसतो: कारण कसे शोधावे

पोटॅशियम चॅनलचे, म्हणजे पेशीपटलातून पोटॅशियम आयन पलीकडे नेणाऱ्या प्रथिनाचे, मॉलिक्युलर डायनॅमिक्स सिम्युलेशन (अणूंच्या हालचालींची संगणकावरील नक्कल) करताना एक अडचण पुन्हा पुन्हा समोर येते. रन सुरळीत सुरू होतो, ऊर्जा, तापमान आणि दाब यांचे आलेख स्थिर दिसतात, प्रथिनाचा एकूण आरएमएसडीही (मूळ संरचनेपासूनचे सरासरी विचलन) मर्यादेत राहतो. परंतु काही दहा नॅनोसेकंदांत सिलेक्टिव्हिटी फिल्टर, म्हणजे पोटॅशियमलाच वाट देणारा चॅनलचा अरुंद भाग, आकसतो किंवा त्यातील एखादा कार्बोनिल ऑक्सिजन (प्रथिनाच्या कण्यातील ऑक्सिजन अणू) आयनांकडे पाठ फिरवतो, पोटॅशियम आयनांची रांग मोडते, मध्ये पाणी शिरते आणि त्यानंतर कितीही वेळ रन चालवला तरी एकही आयन पलीकडे जात नाही. सुरुवातीचे वेग बदलून रन पुन्हा लावला, तरी थोड्याफार फरकाने तेच घडते. अशा वेळी बहुतेक जण फोर्स फील्डला (अणूंमधील बलांची सूत्रे आणि आकडे) दोष देतात किंवा फिल्टरवर कायमचे रिस्ट्रेंट (अणू जागेवर धरून ठेवणारे कृत्रिम बल) लावून पुढे जातात. माझ्या मते या दोन्ही गोष्टी घाईच्या आहेत. फिल्टर मोडण्याचे कारण बहुधा मुख्य रन सुरू होण्यापूर्वीच्या तयारीत दडलेले असते. आणि तयारी निर्दोष असल्याची खात्री झाल्यावरही फिल्टर आकसत असेल, तर ती चॅनलची खरी हालचाल असू शकते. या दोहोंतला भेद करता येणे हेच या निवारणाचे खरे काम आहे.

पुढील विवेचन स्ट्रेप्टोमायसिस लिव्हिडान्स या जिवाणूतील केसीएसए चॅनलला धरून केले आहे, कारण या चॅनलविषयी संरचना, विद्युतमापन आणि सिम्युलेशन अशा तिन्ही बाजूंनी भरपूर माहिती उपलब्ध आहे. रॉडरिक मॅकिनन यांच्या गटाने १९९८ मध्ये त्याची पहिली संरचना ३.२ आँगस्ट्रॉम (एक आँगस्ट्रॉम म्हणजे नॅनोमीटरचा दहावा भाग) रिझोल्यूशनने मांडली आणि २००१ मध्ये अँटिबॉडीच्या तुकड्याला जोडलेल्या स्फटिकातून तीच २.० आँगस्ट्रॉमपर्यंत नेली. चार सारखी उपएकके एका अक्षाभोवती बसतात आणि प्रत्येकातील थ्रिओनिन ७५, व्हॅलिन ७६, ग्लायसिन ७७, टायरोसिन ७८ आणि ग्लायसिन ७९ या पाच अमिनो आम्लांच्या पट्ट्या मिळून सुमारे १२ आँगस्ट्रॉम लांबीचा फिल्टर तयार होतो. कार्बोनिल ऑक्सिजन आतल्या बाजूला वळलेले असतात आणि पाण्याचे वेष्टन सोडून आलेल्या पोटॅशियमला ते पाण्याच्याच तोलाचा आधार देतात. बाहेरून आत एस१ ते एस४ अशा चार जागा मोजल्या जातात. अक्षाकडे तोंड करून उभे असलेले हे ऑक्सिजन एकमेकांना दूर ढकलतात. त्यांना एकत्र धरून ठेवण्यात आतल्या आयनांचा मोठा वाटा असतो. म्हणूनच आयनांच्या मांडणीतली किंवा फिल्टरच्या पाठीमागच्या आधारातली लहानशी चूकही हा भाग कोसळायला पुरते.

आधी काय मोडले ते पाहावे

संपूर्ण प्रथिनाच्या आरएमएसडीवरून येथे काहीच कळत नाही. चारशेच्या घरातील अमिनो आम्लांच्या सरासरीत पाचांची हालचाल बुडून जाते. त्याऐवजी चार गोष्टी वेळेनुसार मोजाव्यात. समोरासमोरच्या उपएककांतील ग्लायसिन ७७ च्या अल्फा कार्बनमधील अंतर ही पहिली: आयन वाहून नेणाऱ्या स्थितीत ते सुमारे ८ आँगस्ट्रॉम असते, तर आकसलेल्या स्थितीत साडेपाचच्या आसपास येते. समोरासमोरच्या अशा दोन जोड्या असतात आणि दोन्हींची नोंद वेगवेगळी ठेवावी, कारण एक जोडी जवळ येत असताना दुसरी दूर जाऊ शकते. दुसरी गोष्ट म्हणजे चारही व्हॅलिन ७६ च्या कार्बोनिलची दिशा. तो ऑक्सिजन अक्षाकडे असेल, तर शेजारच्या पोटॅशियमपासून साधारण २.८ आँगस्ट्रॉमवर राहतो; पाठ फिरवताच हे अंतर एकदम वाढते. तिसरी, एस१ ते एस४ या प्रत्येक जागेत आयन आहे की पाणी आहे याची नोंद. चौथी, फिल्टरच्या मागच्या पोकळीत, म्हणजे ग्लुटामिक आम्ल ७१ आणि ॲस्पार्टिक आम्ल ८० यांच्या परिसरात, किती पाण्याचे रेणू शिरले आहेत.

या चारही मापांचे आलेख एकाच कालरेषेवर एकाखाली एक मांडून आधी कोणता बदल झाला ते पाहावे. त्यासाठी दर १० पिकोसेकंदांना फ्रेम (त्या क्षणीच्या अणूंच्या जागांची नोंद) साठवलेली असावी. दर नॅनोसेकंदाला एक फ्रेम ठेवली, तर क्रमच हरवतो. ॲस्पार्टिक आम्ल ८० ची साखळी आधी बाहेर वळली आणि मग फिल्टर ढिला झाला, तर संशय प्रोटोनीकरणावर, म्हणजे अमिनो आम्लाला प्रोटॉन जोडलेला आहे की नाही यावर, घ्यावा. आयन आधी हलला आणि मग कार्बोनिल फिरला, तर आयनांची मांडणी, आयनांचे पॅरामीटर किंवा व्होल्टेज तपासावे. मुख्य रनच्या पहिल्याच फ्रेममध्ये एखादा कार्बोनिल फिरलेला असेल, तर दोष इक्विलिब्रेशनमधला (मुख्य रनपूर्वी पेटी स्थिरावण्याच्या टप्प्यातला) किंवा त्याच्याही आधीचा आहे, आणि हा प्रकार वाटतो त्याहून बराच जास्त आढळतो.

आयनांची मांडणी

सर्वाधिक वेळ येथे द्यावा, असे माझे मत आहे. २००१ च्या संरचनेच्या, प्रोटीन डेटा बँकेतील १के४सी या नोंदीतील फाइलमध्ये चॅनलचे एकच उपएकक असते. उरलेली तीन स्फटिकाच्या चतुर्गुण सममितीतून निर्माण करावी लागतात. पोटॅशियम आयन नेमके सममितीच्या अक्षावर असतात, त्यामुळे सममितीची क्रिया जशीच्या तशी लावली की प्रत्येक आयनाच्या चार प्रती एकाच बिंदूवर येऊन बसतात. अक्षावरील पाण्याचेही तेच होते. अशी फाइल तशीच पुढे गेली, तर एनर्जी मिनिमायझेशनच्या (अणू थोडे सरकवून ऊर्जा खाली आणण्याच्या) पहिल्या पायऱ्यांत एकमेकांवर बसलेले आयन प्रचंड बलाने फेकले जातात, वाटेत आलेले कार्बोनिल वाकवतात आणि नंतर ऊर्जा खाली आल्यामुळे सगळे आलबेल असल्याचा भास होतो. म्हणून चतुष्टय तयार झाल्यावर संरचना फाइल टेक्स्ट एडिटरमध्ये उघडून पोटॅशियमच्या ओळी प्रत्यक्ष वाचाव्यात. सलग चार ओळींत एक्स, वाय आणि झेड हे तिन्ही आकडे सारखे किंवा केवळ तिसऱ्या दशांश स्थानावर वेगळे दिसले, तर एक प्रत ठेवून बाकीच्या तीन काढाव्यात. ही तपासणी दोन मिनिटांची आहे आणि तिच्यावाचून पुढचे सर्व गणित व्यर्थ जाते.

प्रती काढल्यावर दुसरा प्रश्न उरतो. स्फटिकाच्या संरचनेत चारही जागा भरलेल्या दिसतात, परंतु ती असंख्य रेणूंची सरासरी असते. २००१ च्या संरचनेवरून काढलेला अर्थ असा होता की फिल्टरमध्ये सरासरी दोन पोटॅशियम असतात; ते कधी एस१ आणि एस३ मध्ये, तर कधी एस२ आणि एस४ मध्ये राहतात आणि मधल्या जागा पाणी घेते. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सिम्युलेशनांनी आणि स्फटिकांच्या फेरविश्लेषणाने शेजारशेजारच्या जागांत आयन थेट एकमेकांना टेकून पुढे सरकतात, असे चित्र मांडले. हा वाद अद्याप मिटलेला नाही, आणि सिम्युलेशन करणाऱ्याने तो मिटवण्याची गरजही नाही. मात्र आपण कोणत्या मांडणीने सुरुवात केली हे जाणीवपूर्वक ठरवून लिहून ठेवले पाहिजे. दोन्ही मांडण्यांनी स्वतंत्र रन लावणे उत्तम. पाणी भरणाऱ्या साधनावर या जागा सोडून देणे मात्र टाळावे. ती साधने केवळ अणूंची टक्कर होते का एवढेच पाहतात. त्यामुळे फिल्टरमधली एखादी जागा रिकामी राहते किंवा फिल्टरच्या मागच्या पोकळीत नको तेथे पाणी बसते. फिल्टरखालच्या मोठ्या पोकळीतील पोटॅशियम आणि त्याच्याभोवतीचे आठ पाण्याचे रेणू स्फटिकात स्पष्ट दिसतात. तेही तसेच ठेवावेत.

येथेच एक लहान पण हमखास सापडणारी गोष्ट सांगितली पाहिजे. ग्रोमॅक्स या सिम्युलेशन सॉफ्टवेअरमध्ये आयन मिसळणाऱ्या साधनाला धन आयनाचे नाव दिले नाही, तर ते आपोआप सोडियम घालते. फिल्टरमध्ये पोटॅशियम व्यवस्थित बसवलेला असतो, पण बाहेरच्या द्रावणात सोडियम क्लोराइड असते. पहिला पोटॅशियम फिल्टरमधून सुटला की त्याची जागा घ्यायला दुसरा पोटॅशियम उरत नाही. सोडियम आत शिरलाच, तर तो आठ ऑक्सिजनच्या पिंजऱ्याच्या मध्यभागी राहण्याऐवजी चार कार्बोनिलच्या प्रतलात बसणे पसंत करतो आणि फिल्टरची भूमिती ओढली जाते. साधारण ९० आँगस्ट्रॉम लांबी-रुंदीच्या आणि एकूण ५० आँगस्ट्रॉम जाडीचा पाण्याचा थर असलेल्या पेटीत १५० मिलिमोलर तीव्रतेला सुमारे ३७ पोटॅशियम आयन येतात. टोपॉलॉजीच्या (रेणू, बंध आणि प्रभार यांची यादी असलेल्या फाइलच्या) शेवटच्या ओळींत पोटॅशियमचे नाव आणि असा आकडा दिसतो का, एवढे पाहिले की शंका फिटते.

ग्लुटामिक आम्ल ७१

केसीएसएच्या बाबतीत दुसरे मोठे कारण हे आहे. ग्लुटामिक आम्ल ७१ फिल्टरच्या अगदी मागे, ॲस्पार्टिक आम्ल ८० च्या शेजारी असते. दोघांमध्ये एकच प्रोटॉन वाटून घेतलेला असतो आणि ट्रिप्टोफॅन ६७ सह हे त्रिकूट हायड्रोजन बंधांनी फिल्टरला मागून धरून ठेवते. त्यासाठी ग्लुटामिक आम्ल ७१ प्रोटोनित असावे लागते. टोपॉलॉजी बनवणारी साधने मात्र सामू ७ गृहीत धरून प्रत्येक ग्लुटामिक आम्लाला ऋण प्रभार देतात. मग शेजारशेजारचे दोन ऋण प्रभार एकमेकांना ढकलतात, ॲस्पार्टिक आम्ल ८० बाहेर वळते, मागचा आधार सुटतो आणि थोड्याच वेळात टायरोसिन ७८ व ग्लायसिन ७९ यांचा पट्टा सैल होतो.

तपासणी सोपी आहे. चारही ग्लुटामिक आम्ले प्रोटोनित केल्यावर प्रथिनाचा एकूण प्रभार नेमका ४ ने वाढायला हवा. तो १ ने वाढला असेल, तर बदल फक्त पहिल्या साखळीत झालेला आहे. आज्ञा एकदाच दिली की हे सहज होते. याच जोडीने चॅनलचे आतले दार उघडे हवे की बंद, हेही ठरवावे. केसीएसए पेशीच्या आतल्या बाजूचा सामू आम्लधर्मी झाल्यावर उघडतो आणि त्यात हिस्टिडिन २५, ग्लुटामिक आम्ल ११८ व १२० यांचा सहभाग असतो. १के४सी या संरचनेत ते दार बंद आहे. त्यातून आयन पलीकडे गेले नाहीत म्हणून फिल्टर बिघडला असा निष्कर्ष काढणारे अहवाल मी वाचले आहेत. बंद दारातून आयन जाणारच नाहीत.

दुसऱ्या चॅनलवर हाच नियम डोळे झाकून लावू नये. एमटीएचके आणि शेकर या चॅनलांत ग्लुटामिक आम्ल ७१ च्या जागी व्हॅलिन असते, त्यामुळे तेथे हा प्रश्नच उद्भवत नाही आणि मागचा आधार निराळ्या बंधांचा असतो. आपल्या चॅनलच्या क्रमाची केसीएसएच्या क्रमाशी जुळणी करून मगच निर्णय घ्यावा.

इक्विलिब्रेशनमधील रिस्ट्रेंट

प्रथिनावर पोझिशन रिस्ट्रेंट लावलेले असते, पण फिल्टरमधील आयन मात्र मोकळे असतात, कारण टोपॉलॉजीमध्ये ते प्रथिनाचे नसून द्रावणाचे सदस्य असतात. पेशीपटलातील लिपिडे आणि पाणी अजून स्थिरावत असताना हे मोकळे आयन इकडेतिकडे सरकतात, आणि प्रथिन सोडले जाईपर्यंत रांग आधीच मोडलेली असते. फिल्टरमधील आयन आणि पाणी यांची वेगळी नोंद करून त्यांनाही तितकेच रिस्ट्रेंट द्यावे. सोडताना क्रम पाळावा: आधी लिपिडे, मग प्रथिनाच्या बाजूच्या साखळ्या, मग फिल्टर सोडून उरलेला कणा आणि सर्वांत शेवटी फिल्टरचा कणा व आयन एकत्र. १००० किलोज्यूल प्रति मोल प्रति चौरस नॅनोमीटर या नेहमीच्या मूल्यावरून एकदम शून्यावर न येता चार-पाच पायऱ्यांत खाली यावे. दाब नियंत्रणामुळे पेटीचा आकार बदलत असताना रिस्ट्रेंटचे संदर्भबिंदूही त्यानुसार सरकवण्याचा पर्याय निवडलेला असावा, नाहीतर रिस्ट्रेंट स्वतःच प्रथिन ताणते.

व्होल्टेजचे गणित

ही चूक लक्षात यायला सर्वांत अवघड असते, कारण परिणाम अगदी खरा वाटतो. समान विद्युत क्षेत्र लावून व्होल्टेज निर्माण करताना क्षेत्राला पेटीच्या पूर्ण उंचीने गुणावे लागते, पेशीपटलाच्या जाडीने नव्हे. पेटी १० नॅनोमीटर उंच असेल आणि २०० मिलिव्होल्ट हवे असतील, तर क्षेत्र प्रति नॅनोमीटर ०.०२ व्होल्ट ठेवावे. पेशीपटल ४ नॅनोमीटर जाडीचे म्हणून २०० ला ४ ने भागले, तर ०.०५ येते आणि त्याच पेटीत प्रत्यक्षात ५०० मिलिव्होल्ट लागतात. एवढ्या ताणाखाली फिल्टर मोडला, तर त्यावरून चॅनलविषयी काहीही अनुमान काढता येत नाही. उंचीही इक्विलिब्रेशन संपल्यानंतरची घ्यावी, सुरुवातीची नव्हे. प्रवाहाची तुलना प्रयोगाशी करताना १ पिकोॲम्पिअर म्हणजे दर मायक्रोसेकंदाला सुमारे ६.२ आयन, हे गणित हाताशी ठेवावे. त्यावरून दिसते की १०० नॅनोसेकंदांच्या रनमध्ये एकही आयन न जाणे ही १ पिकोॲम्पिअरच्या प्रवाहात अगदी स्वाभाविक गोष्ट आहे. फिल्टर बंद पडल्याचा तो पुरावा होत नाही.

फोर्स फील्डविषयी थोडक्यात. जुंग आणि चीटम यांचे आयन पॅरामीटर पाण्याच्या विशिष्ट मॉडेलसाठी वेगवेगळे बनवलेले आहेत. टीआयपी३पी या पाण्याच्या मॉडेलचे पॅरामीटर एसपीसीई या दुसऱ्या मॉडेलबरोबर वापरू नयेत. चार्म आणि ॲम्बर या फोर्स फील्डच्या कुटुंबांतील कटऑफची (ज्या अंतरापलीकडे बले थेट मोजली जात नाहीत त्या अंतराची) मूल्ये अदलाबदल करू नयेत. दोन्ही कुटुंबांत आयनांचा प्रवाह प्रयोगापेक्षा बहुधा कमी भरतो, ही मर्यादा मान्य करूनच निष्कर्ष लिहावेत. वरील सर्व तपासण्या झाल्यानंतरच फोर्स फील्ड बदलून पाहावे, कारण त्याआधी बदलल्यास मूळ दोष झाकला जातो.

आकसणे खरे असेल तर

तयारी निर्दोष ठरल्यावरही फिल्टर आकसतो, तेव्हा प्रश्नाचे स्वरूप पालटते. पोटॅशियम चॅनल दार उघडे असतानाही काही काळाने वहन थांबवतात. याला सी-प्रकारचे निष्क्रियीकरण म्हणतात. पोटॅशियमची तीव्रता केवळ ३ मिलिमोलर असताना मिळालेल्या १के४डी या संरचनेत केसीएसएचा फिल्टर मध्यभागी आकसलेलाच दिसतो. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या उघड्या दाराच्या संरचनांच्या मालिकेत थ्रिओनिन ११२ पाशी मोजलेले दार १२ आँगस्ट्रॉमपासून ३२ आँगस्ट्रॉमपर्यंत उघडत जाते आणि त्याबरोबर फिल्टरची स्थितीही बदलते. आतल्या दाराची हालचाल फिनिलॲलनिन १०३ मार्फत फिल्टरपर्यंत पोहोचते. २०१३ मध्ये बेन्वा रू आणि एदुआर्दो पेरोझो यांच्या गटांनी दाखवले की फिल्टरच्या मागे अडकलेले पाण्याचे रेणू आकसलेली स्थिती टिकवून धरतात, आणि म्हणूनच चॅनलला पूर्ववत व्हायला काही सेकंद लागतात.

काळाच्या मोजमापावरूनही पूर्ण निवाडा होत नाही. प्रयोगात केसीएसएचे निष्क्रियीकरण सेकंदांच्या पट्टीवर दिसते, म्हणून पाच नॅनोसेकंदांत मोडलेला फिल्टर संशयास्पद आहे, हे खरे. परंतु दार पुरेसे उघडे ठेवल्यास एका मायक्रोसेकंदाच्या आसपासही फिल्टर आकसल्याचे सिम्युलेशनांत आढळले आहे. प्रयोगातला बराच वेळ दार पूर्ण उघडण्याची वाट पाहण्यात जात असावा, असे मला यावरून वाटते. शिवाय सर्व चॅनलांत हे निष्क्रियीकरण आकसण्यानेच होते असेही नाही. शेकरच्या डब्ल्यू४३४एफ या म्युटंटच्या आणि केव्ही१.२-२.१ कायमेराच्या (दोन चॅनलांचे भाग जोडून बनवलेल्या चॅनलच्या) २०२२ मध्ये आलेल्या संरचनांत फिल्टरचा बाहेरचा भाग उलट रुंदावलेला दिसतो. त्यामुळे ग्लायसिन ७७ ची जोडी जवळ येण्याऐवजी टायरोसिन ७८ चा पट्टा बाहेर फाकत असेल, तर तेही नोंदवावे. तो बिघाडच आहे असे समजू नये.

खात्री करण्यासाठी मी तीन नियंत्रण रनांचा आग्रह धरीन. पहिला, बंद दाराचा आणि भरपूर पोटॅशियमचा, व्होल्टेज न लावता: येथे फिल्टर स्थिरच राहिला पाहिजे, आणि राहिला नाही तर दोष तयारीत आहे, पुढे पाहण्याची गरज नाही. दुसरा, उघड्या दाराचा, पण ग्लुटामिक आम्ल ७१ च्या जागी ॲलनिन असलेला. हे म्युटंट प्रयोगात निष्क्रिय होत नाही, म्हणून मूळ चॅनल आकसत असेल आणि हे म्युटंट त्याच पेटीत, त्याच पॅरामीटरांनी टिकत असेल, तर दिसणारी हालचाल खरी असल्याचा तो बळकट आधार आहे. तिसरा, उघड्या दाराचाच, परंतु ग्लायसिन ७७ मधील अंतर जेथे घसरू लागले त्या फ्रेमपासून वेगवेगळ्या वेगांनी पुन्हा सुरू केलेले अनेक छोटे रन. त्यातले काही परत ८ आँगस्ट्रॉमकडे वळले आणि काही साडेपाचकडे गेले, तर ती फ्रेम दोन स्थितींमधल्या उंबरठ्यावरची आहे. हालचालीचा खरा अभ्यास तेथूनच सुरू करावा: त्या रनांत मागच्या पोकळीत पाणी कधी शिरते आणि व्हॅलिन ७६ त्याच्या आधी फिरते की नंतर, याची मोजणी करावी.